तांबट आळीपासून धानाच्या खळ्यापर्यंत

दिवाळी सरली की झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपत येते. बांध्यांच्या कडेला पुंजणे उभी राहतात आणि चुरण्याला सुरुवात होते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुके घ्या, किंवा वैनगंगेपलीकडची आरमोरी आणि देसाईगंज घ्या, चित्र सारखेच असते. पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरे. तिचा आवाज म्हणजे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आणि हाकणाऱ्याच्या तोंडचा. घरात ढेकीवर धान कांडला जाई, त्याची धपधप शेजारच्या घरापर्यंत पोचली तर पोचली. आज ट्रॅक्टरवर चालणारा थ्रेशर सुरू झाला की गावाच्या दुसऱ्या टोकाला कळते की चुरणे कोणाकडे चालले आहे.

या यंत्राने कष्ट वाचवले, वेळ वाचवला, अवकाळी पावसात भिजणारे धान वाचवले. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. पण एक साधा हिशेब मांडून पाहावा. ज्याचे धान आहे त्या शेतकऱ्याच्या कानावर हा आवाज वर्षातून एक-दोन दिवस पडतो. यंत्राबरोबर गावोगाव फिरणाऱ्या टोळीच्या कानावर मात्र तो पूर्ण हंगामभर पडतो. या टोळीत पंधरा ते वीस वर्षांची पोरे असतात आणि पेंढ्या सारायला यंत्राच्या तोंडाशी बहुधा तीच उभी असतात. त्यांतली काही आपल्या शाळेच्या पटावर असतात, किंवा कालपरवापर्यंत होती.

मोठ्या आवाजाने कान जातात हे माणसाला केव्हा कळले, आणि कळूनही या पोरांच्या कानांची नोंद कुठेच का होत नाही, हे आपण या लेखात पाहू.

तांबट, बॉयलरवाले आणि खिशातले घड्याळ

तांबट नावाचा पक्षी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. उन्हाळ्यात वडापिंपळावर बसून तो ‘टुक्‌ टुक्‌’ करत राहतो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी तसा तो आवाज, म्हणून हे नाव. पुण्यातली तांबट आळी अशाच ठोक्यांनी दुमदुमत असे. पक्ष्याला आवाजावरून नाव मिळाले. आवाज करणाऱ्या माणसाला काय मिळाले, याची नोंद एका इटालियन वैद्याने केली.

बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३–१७१४) हा मोदेना आणि नंतर पादुआ येथे वैद्यकाचा प्राध्यापक होता. वेगवेगळ्या कारागिरांना होणाऱ्या आजारांवर त्याने १७०० साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. व्हेनिस शहरात तांबटांची वेगळी वस्ती होती. दिवसभर ठोकाठोकी करून त्यांना कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने लिहिले. रोग्याला काय विचारावे याची यादी हिपॉक्रेटिसच्या काळापासून चालत आली होती. रामाझिनीने तीत एका प्रश्नाची भर घातली : ‘तू काम काय करतोस?’ वैद्यकाच्या इतिहासात हा प्रश्न फार मोलाचा ठरला.

पुढे वाफेचे युग आले. बॉयलर तयार करताना लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडत. एक माणूस बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट धरून ठेवी आणि बाहेरून घणाचे घाव पडत. पोटात बसणाऱ्याची स्थिती घंटेच्या आत डोके घातल्यासारखी होई. ‘बॉयलरवाल्याचा बहिरेपणा’ असा शब्दप्रयोगच त्या काळी रूढ झाला होता. पण ‘बहिरे होतात’ असे म्हणणे वेगळे आणि मोजून दाखवणे वेगळे. ते काम ग्लासगो येथील कानाचे डॉक्टर टॉमस बार यांनी १८८६ साली केले. त्यांनी शंभर बॉयलरवाले निवडले आणि तुलनेसाठी लोखंडाचे ओतकाम करणारे कामगार आणि पोस्टमन घेतले. श्रवण मोजण्याचे साधन काय, तर खिशातले घड्याळ! त्याची टिकटिक किती अंतरापर्यंत ऐकू येते ते त्यांनी मोजले. शंभर बॉयलरवाल्यांपैकी एकाचेही श्रवण शाबूत निघाले नाही. पोस्टमनांची स्थिती त्यांच्या मानाने पुष्कळच चांगली होती.

विज्ञान शिकवताना ‘तुलनागट’ ही कल्पना समजावून द्यायची असेल, तर याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. वयाने बहिरेपण येते हे खरे. पण पोस्टमनचे वय आणि बॉयलरवाल्याचे वय सारखेच वाढते.

चारच वर्षांनी, १८९० साली, योहानेस हाबरमन यांनी एका वृद्ध धातुकामगाराच्या कानाचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले. हा माणूस रेल्वेगाडीखाली सापडून मेला होता. मागून येणारी गाडी त्याला ऐकूच आली नव्हती. त्याच्या आंतरकर्णातल्या शंखाकृती नळीच्या सुरुवातीच्या वेढ्यात, म्हणजे उंच स्वर टिपणाऱ्या भागात, संवेदी पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. दोष कुठे होतो, त्याचा हा पुरावा.

आत नेमके काय होते?

आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्या टोकांवर अतिसूक्ष्म तंतूंचे झुबके असतात. ध्वनीने आतला द्रव हलला की हे तंतू लवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने धानाचे पीक लवावे तसे. मंद वाऱ्यात पीक लवून पुन्हा उभे राहते, वादळात आडवे होते. तीव्र आवाजानंतर कान बंद झाल्यासारखे वाटतात, आत ‘गुंईं’ असा नाद घुमतो आणि सकाळपर्यंत सारे ठीक होते. ही पहिली पायरी. असे रोज होत राहिले की काही पेशी कायमच्या मरतात. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात हे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. माणसाच्या कानात मात्र तसे होत नाही. गेली ती गेली.

विजेवर चालणारी श्रवणमापक यंत्रे १९२० च्या दशकात आली आणि एक विलक्षण गोष्ट स्पष्ट होत गेली. आवाजाने जाणाऱ्या कानाचा आलेख सर्वत्र सारखा उतरत नाही. ४००० हर्ट्झच्या आसपास त्यात एक खळगा पडतो. याचे एक कारण वर्गात गणिताने काढता येते. बाह्य कर्णनलिका ही एका टोकाला बंद असलेली सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी आहे. अशा नळीचा अनुनाद तिच्या चौपट तरंगलांबीला होतो. म्हणजे तरंगलांबी १० सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता ३४०० हर्ट्झ. या पट्ट्यातला आवाज कान स्वतःच वाढवून घेतो आणि इजा त्याच्या थोडी वर होते.

आता भाषेकडे पाहू. आपले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, खालच्या वारंवारतेचे आहेत. स, श, च, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या वारंवारतेवर अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला ‘ऐकू येते, पण कळत नाही’. साठ आणि आठ यांत गफलत होते. तो स्वतःला बहिरा समजत नाही. ‘लोक तोंडातल्या तोंडात बोलतात’ असे त्याला वाटते. घरचे म्हणतात लक्ष नाही, शाळेत म्हणतात मठ्ठ आहे.

हात मोजले गेले, कान राहिले

आपल्याकडे शेतीत यंत्रे आली ती प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर. पुण्याची किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून देशी बनावटीचा ट्रॅक्टर १९५९ साली बाहेर पडला. १९७१ पासून एचएमटीनेही ट्रॅक्टर बनवले. (घड्याळ, ट्रॅक्टर आणि नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेले धान, असे तिन्ही एचएमटी झाडीपट्टीच्या ओळखीचे आहेत!) आज देशात वर्षाला नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले जातात.

हरितक्रांतीबरोबर उत्तरेत थ्रेशर पसरले आणि त्यांत हात जाणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तुटलेला हात दिसतो, रक्त दिसते, त्यामुळे त्याची दखल घेतली जाते. कान जातो तेव्हा ना रक्त येते ना दुखते. शिवाय तो जायला काही वर्षे लागतात.

कारखान्यातल्या आणि खाणीतल्या कामगारांच्या कानांची दखल मात्र घेतली गेली. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ साली परिपत्रक काढून ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० डेसिबल ही धोक्याची पातळी ठरवली. कारखाने कायद्यात १९८७ साली मोठी दुरुस्ती झाली. तीनंतर सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या परिशिष्टात आवाजामुळे येणारा बहिरेपणाही दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यात याचा अर्थ फार विचित्र होतो. बल्लारपूरचा कागद कारखाना, दुर्गापूरचे वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने हे सारे याच जिल्ह्यात आहे. एका घरातला थोरला भाऊ खाणीत लागला, तर त्याच्या कामाच्या जागी आवाजाची मर्यादा कागदावर तरी आहे. धाकटा थ्रेशरवर गेला, तर त्याच्या कानासाठी कागदही नाही. खळे हा कारखाना नव्हे आणि खाणही नव्हे.

हात तुटण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांतूनच पुढे कानाकडे लक्ष वळले, हे विशेष. दिल्लीच्या आयआयटीतले प्रा. दिनेश मोहन यांनी थ्रेशर आणि कडबा कापण्याची यंत्रे यांपासून होणाऱ्या इजांचा अभ्यास केला होता. २००५ साली आदर्श कुमार, दिनेश मोहन आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांची श्रवणतपासणी प्रसिद्ध केली. ट्रॅक्टर चालवणारे आणि न चालवणारे असे दोन गट त्यांनी घेतले होते. पुन्हा तीच बार यांची रीत. ट्रॅक्टरवाल्यांत उंच स्वरांचे श्रवण जास्त घटलेले आढळले.

विस्कॉन्सिनमधली शाळकरी मुले

मोठ्यांचे झाले. मुलांचे काय? याचा पहिला ठळक पुरावा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन या दुग्धव्यवसायाच्या राज्यातून आला, आणि तोही शाळांमधून. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेतीविषय घेतलेल्या ८७२ विद्यार्थ्यांचे कान तपासले होते. शेतावर प्रत्यक्ष राबणाऱ्या मुलांत आवाजजन्य बहिरेपणाच्या सुरुवातीच्या खुणा, शेतीकाम न करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळल्या. त्यातही डावा कान जास्त गेलेला होता. ट्रॅक्टर चालवताना मागचे अवजार पाहायला मान उजवीकडे वळवली की डावा कान इंजिनासमोर येतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ही मुले अजून मिसरूड फुटण्याच्या वयाची होती.

तेथील मंडळी पाहणीवर थांबली नाहीत. १९९२ पासून ३४ ग्रामीण शाळांतल्या ७५३ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत तीन वर्षे धडे दिले, इअरप्लग आणि इअरमफ फुकट वाटले, घरी आठवणपत्रे पाठवली, दरवर्षी कान तपासले. उरलेल्या शाळांत फक्त तपासणी. शेवटी पहिल्या गटातली सुमारे ८७ टक्के मुले थोडेफार तरी कानसंरक्षण वापरत होती, दुसऱ्या गटातली ४५ टक्के.

बहुतेक अहवाल इथे संपतात. हा संपला नाही. सोळा वर्षांनी त्याच मुलांना, आता तिशी ओलांडलेल्या माणसांना, पुन्हा गाठले गेले. ते निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. बंदूक चालवताना कान झाकण्याची सवय पहिल्या गटात टिकली होती. यंत्रांच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच, म्हणजे सारखेच बेफिकीर. आणि कानांच्या स्थितीतही फरक नव्हता.

शिक्षकांनी या निष्कर्षाने नाउमेद होऊ नये, पण तो नजरेआडही करू नये. मुले शिकतात, ऐकतात, वापरतातही. शाळा सुटली, फुकटचे बोळे संपले आणि बाप-काका तसेच उघड्या कानांनी काम करताना दिसले की सवय विरते. एक भाषण किंवा एक भित्तिपत्रक पुरणार नाही. यंत्रही शांत करावे लागेल आणि मोठ्या माणसांनाही सांगावे लागेल.

इथे कानाची किंमत काय आहे?

झाडीपट्टीत हा प्रश्न आणखी एका कारणाने तातडीचा आहे. ताडोब्याच्या भोवतालच्या आणि ब्रह्मपुरी परिसरातल्या गावांत दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना, जंगलालगतच्या बांधीत वाकून काम करताना माणसाला वाचवतो तो कान. वाळक्या पाल्याची सळसळ, चितळाची धोक्याची शीळ, पाखरांची अचानक उठलेली कलकल या साऱ्या आवाजांत उंच स्वरांचा भाग मोठा असतो. आवाजाने कान जातो तेव्हा नेमका हाच भाग आधी जातो. हाबरमनच्या म्हाताऱ्याला मागून येणारी रेल्वे ऐकू आली नाही. आपल्या पोराला मागे काय ऐकू येणार नाही, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट सुखाची. चुरण्याचा हंगाम तोच झाडीपट्टी नाटकांचा हंगाम. दिवसा थ्रेशरवर राबलेला पोरगा रात्री दहा मैल जाऊन पहाटेपर्यंत नाटक पाहतो. पुढच्या वीस वर्षांत त्याला वाजंत्री ऐकू येईल, संवाद कळणार नाहीत.

शाळेत काय करता येईल?

आधी एक हिशेब फळ्यावर मांडावा. अमेरिकेच्या व्यवसायस्वास्थ्य संस्थेने १९९८ साली सुचवलेला नियम असा : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. बिनकेबिनचे ट्रॅक्टर कामाला लागले की चालकाच्या कानाशी ९० च्या पुढे जातात. मोबाइलवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपने अंदाज घेता येतो. तेही नसेल तर खूण सोपी आहे : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला धोक्याचा समजावा.

दुसरा हिशेब अंतराचा. उघड्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने घटतो. जेवायची, चहाची, पोती शिवायची जागा यंत्रापासून चाळीस पावलांवर नेली तर एक पैसाही लागत नाही. यंत्राच्या तोंडाशी एकच पोरगा दिवसभर उभा न करता आळीपाळीने माणसे बदलावीत. ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढू नये, फुटला तर बदलावा. खडखडणारे पत्रे आवळावेत, झिजलेले बेअरिंग बदलावे. ट्रॅक्टरवर स्पीकर लावून इंजिनाच्या वरताण गाणी वाजवली की कानावर दुप्पट मारा होतो, हे पोरांना हिशेबानेच पटवावे.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचे. अर्धवट बसला तर उपयोग नाही. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा धूळ अडवतो, आवाज नाही. ‘कान बंद केले तर हाक ऐकू येणार नाही’ ही शंका रास्त आहे, म्हणून ‘थांबव’, ‘हात काढ’ यांच्या हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात. तसेच काम थांबल्यावर, रानाच्या वाटेला लागताना, बोळे आठवणीने काढावेत. रानडुकरे पळवायला सुतळी बॉम्ब किंवा कार्बाइडचा पाइप उडवणाऱ्याने कान झाकावेत. तिथे एकच धमाका कान कायमचा निकामी करू शकतो.

आणि शेवटी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते आणि कमी ऐकू येणे त्याच्या यादीत आहे. पण या पथकासमोर कोणाला उभे करायचे, हे शिक्षकालाच माहीत असते. दिवाळीच्या सुटीनंतर हजेरीपटावर नजर टाकताना, सारखे ‘काय?’ विचारणाऱ्या, शुद्धलेखनात स-श-च गाळणाऱ्या, मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला रामाझिनीचा प्रश्न जरूर विचारावा : तू काम काय करतोस? उत्तर ‘थ्रेशरवर जातो’ असे आले, तर त्याचे नाव तपासणीच्या यादीत पहिले घालावे आणि त्याला पुढच्या बाकावर बसवावे. सरकारी नोंदवहीत त्याच्या कानाला जागा नसेल, पण शाळेच्या वहीत ती आजच करता येते.